चौदातून तीन गेले

आमच्या जुन्या कनिष्ठ महाविद्यालयाची स्मरणिका निघते आहे. लेख मागायला ज्याचा फोन आला तो आमचाच जुना विद्यार्थी. नांदुऱ्यात त्याचं बियाण्यांचं दुकान आहे. मागे गिऱ्हाइकांचा गलका चालू होता आणि तो मधूनमधून फोनवर हात ठेवून कुणाला तरी कपाशीच्या बियाण्याची पिशवी दाखवत होता.

"सर, तुम्ही अकरा सरायवर लिहा," तो म्हणाला. "जरा मजेशीर लिहा. लय गंमती माणूस होता."

मी म्हणालो, बघतो.

"ते अकराचं नक्की टाका. आम्ही साऱ्यायनं मिळून कॉपी केल्ती ना तवा? पुऱ्या वर्गाचं एकच चुकीचं उत्तर. अजून पोट्टे ग्रुपवर हसतात."

मी विचारलं, "कॉपी केली होती, हे तुला आठवतं?"

तो म्हणाला, "आठवत तं नाई सर. पण केलीच असन ना. नाई तं साऱ्यायचं सारखं कसं येईन?"

तेव्हापासून मी धड एका जागी बसलेलो नाही. लिहायला बसतो, दोन ओळी होतात, उठतो, गॅलरीत जाऊन उभा राहतो, परत येऊन त्या दोन ओळी खोडतो. इतकी वर्षं मला वाटायचं की त्या प्रकरणात एकाच माणसाचं वाईट झालं. आता हा पन्नाशीतला दुकानदार, ज्याने स्वतःच्या डोक्याने बरोबर उत्तर लिहिलं होतं, तो हसत हसत सांगतो की आपण कॉपी केली असणार. हे माझ्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

तर अकरा सर. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण नाव नका घालू असं त्यांनीच सांगितलं आहे. ते रसायनशास्त्र शिकवायचे, मीही तेच. मी कायम नोकरीत होतो. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने व्हायची. मूळचे घाटावरचे, चिखली तालुक्यातल्या उंद्रीचे. आमचं कॉलेज घाटाखाली. बुलढाण्याहून राजूर घाट उतरला की हवाच बदलते, आणि सरांचं म्हणणं असं की पाणीही बदलतं. घाटाखालचं पाणी जड आहे, ते पोटात बसून राहतं, असं ते शपथेवर सांगत. म्हणून दर सोमवारी उंद्रीहून येताना ते पाण्याचा एक प्लॅस्टिकचा कॅन आणायचे. एका हातात कॅन, दुसऱ्या हातात छत्री, आणि पँटच्या खिशात सीताफळाच्या बिया. ते चालायला लागले की बिया वाजायच्या. मुलांना त्यामुळे सर वऱ्हांड्याच्या टोकाला असतानाच कळायचं आणि वर्ग गप्प व्हायचा.

त्या बिया हे त्यांचं मुख्य साहित्य. सीताफळांच्या दिवसांत घाटातल्या झाडांखाली उतरून ते त्या गोळा करायचे, धुऊन, वाळवून, पुसून चकचकीत करायचे. एक बी म्हणजे एक इलेक्ट्रॉन. अणूचं नाव खडूने बाकावर लिहायचं आणि त्याच्या भोवती बिया मांडायच्या. दोन अणूंच्या मध्ये दोन बिया आल्या की ती जोडी दोघांनी वाटून घेतली, म्हणजे बंध झाला. ज्या दोन बिया कुणाशीच वाटलेल्या नाहीत, त्या आपल्या अणूपाशीच राहतात. फळ्यावर हेच काढताना बंधासाठी एक दांडी आणि न वाटलेल्या जोडीसाठी दोन ठिपके. याला आम्ही लुईस रचना म्हणतो. अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांत शिकवायची आणि पुढे सरकायचं, इतकीच तिची किंमत असते. सरांसाठी मात्र सारं रसायनशास्त्र तिथेच होतं.

पुस्तकात त्या न वाटलेल्या जोडीला एकाकी जोडी म्हणतात. सरांना तो शब्द खपत नसे. "एकाकी काऊन? ते काय रडून राह्यले का? त्यायले वाटून घ्यायचं नाई, एवढंच." ते म्हणायचे बांधलेली जोडी आणि मोकळी जोडी. त्यांची मुलं परीक्षेत इंग्रजीत उत्तरं लिहायची, पण आपसात बोलताना बांधलेली आणि मोकळी हेच शब्द वापरायची, आणि शेवटी शेवटी माझी मुलंही वापरायला लागली, याचा मला राग यायचा.

बहुतेक मुलं अणू लिहितात, दांड्या काढतात आणि झालं म्हणतात. ठिपके विसरतात. ठिपके न काढलेली आकृती सरांना दिसली की ते त्या मुलाच्या मागे जाऊन उभे राहायचे.

"याले नागडं काऊन उभं केलं बे?"

"कोणाले सर?"

"फ्लोरिनले. थंडीचे दिवस हायेत. कपडे घाल त्याले."

मुलगी असली तर 'बे' जायचं आणि 'बाई' यायचं, बाकी वाक्य तेच. आणि मूल गोंधळलं की त्यांची एकच पद्धत. आधी सगळ्या बिया मोज. प्रत्येक अणूने किती आणल्या त्या एका ठिकाणी कर. त्याच्या निम्म्या जोड्या. त्यातून बांधलेल्या वजा कर. उरल्या त्या मोकळ्या. "वजाबाकी जमली नाई तं चित्र खोटं," हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल कुणास ठाऊक. चित्र कितीही सुंदर काढा, वजाबाकी जमली पाहिजे.

त्यांचा वर्ग आणि माझा वर्ग यांच्यामध्ये विटांची भिंत नव्हती, प्लायवूडचा पडदा होता. पलीकडचं सगळं ऐकू यायचं. सर ठिपके काढताना खडू फळ्यावर जोरात टेकवायचे. टक-टक. प्रत्येक मोकळ्या जोडीला टक-टक. मी इकडे माझं काहीतरी समजावून सांगत असायचो आणि पलीकडून ते ठोके यायचे. माझ्या वर्गातली मुलं माना न हलवता ते मोजायची. मला त्यांच्या ओठांवरून कळायचं.

सर सोयीचे होते असं मी म्हणणार नाही. त्यांचा अभ्यासक्रम कधीही पुरा झाला नाही. ठिपक्यांपायी कार्बनी रसायन मार्चपर्यंत लोंबकळत राहायचं आणि मग ते एका आठवड्यात उरकायचं, चिडून. प्रयोगशाळेत एका मुलाने आकडे बनवून लिहिले म्हणून त्याची परीक्षानळी त्यांनी मोरीत ओतली होती, सगळ्यांसमोर. त्या मुलाचं खरंच चुकलं होतं, पण म्हणून इतकं करायचं कारण नव्हतं. स्टाफरूममध्ये ते कुणाच्या वाढदिवसाचा पेढा घ्यायचे नाहीत आणि का घेत नाहीत तेही सांगायचे नाहीत. शिवाय ते समोरच्याची चूक दुरुस्त करून टाकायचे. सांगायचे नाहीत, भांडायचे नाहीत, नुसती दुरुस्त करून निघून जायचे.

एकदा शनिवारी आम्ही दोघं एकाच एसटीने बुलढाण्याला निघालो. गाडी घाटाला लागली आणि मी बोलता बोलता म्हणालो की पाण्याच्या रेणूचा कोन पुस्तकी कोनापेक्षा कमी का येतो हे मुलांच्या डोक्यात उतरत नाही. सरांनी बसमध्ये नजर फिरवली. समोरच्या बाकावर एक नवीन जोडपं अंग चोरून बसलं होतं. पलीकडच्या बाकावर धोतरातले एक भारदस्त गृहस्थ मांड्या फाकवून, शेजारी गाठोडं ठेवून बसले होते.

"हे पाहा," सर मोठ्याने म्हणाले. "हे दोघं बांधलेले. दोन्हीकडून ओढ हाये, म्हणून कमी जागेत बसतात. अन् हे मालक मोकळी जोडी. एकाच घरचे. पाय पसरून जागा खातात. यायच्या रेट्यानं बाकीच्यायले सरकावं लागते. झाला कोन कमी."

गृहस्थ वळले. "मास्तर, माह्याकडं बोट दाखवून काय शिकवून राह्यले?"

"काई नाई. तुमी पानी हायेत."

"मी पानी?"

"पान्यातला ऑक्सिजन."

गृहस्थांनी गाठोडं मांडीवर घेतलं आणि थोडे सरकले. सर मला म्हणाले, "आता कोन बिघडला." घाट संपेपर्यंत ते गृहस्थ मागे वळून वळून बघत होते. मला हसू आवरेना आणि लाजही वाटत होती. पण पुढच्या सोमवारी वर्गात मी तोच दाखला दिला. सरांचं नाव न घेता दिला. मुलांना पहिल्यांदाच ते कळलं.

आता अमोनियाचं सांगायला हवं, ते टाळून पुढे जाता येणार नाही.

मी फळ्यावर अमोनिया काढला होता. मध्ये नायट्रोजन, तीन दांड्या, तीन हायड्रोजन. मी भराभर शिकवत होतो आणि नायट्रोजनवरची मोकळी जोडी काढायची राहिली. राहिली म्हणजे राहिली, सगळ्यांचीच राहते. सर खडू मागायला आत आले. माझ्या टेबलावरचा खडू घेतला, फळ्याकडे बघितलं, दोन पावलं पुढे गेले आणि नायट्रोजनच्या डोक्यावर टक-टक असे दोन ठिपके देऊन निघून गेले. तोंडातून शब्द नाही. दार ओढून घेतलं. वर्ग हसला. वाईट हसला नाही, मुलं हसतात तसा हसला. मीही हसल्यासारखं केलं आणि पुढे शिकवत राहिलो. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

इतकंच. दुसरं काही वैर नव्हतं. हे लिहितानाही पटत नाही की इतक्यावरून ते सगळं झालं, पण इतक्यावरूनच झालं.

त्या वर्षी सर कायम होणार असं बोललं जात होतं. संस्थेच्या सगळ्या कॉलेजांची बारावीची सराव परीक्षा एकत्र व्हायची. रसायनशास्त्राचा पेपर मी काढला आणि त्यांच्या तुकडीचे धरून सगळे पेपर तपासायलाही मीच होतो. त्यात एक प्रश्न होता: क्लोरीन ट्रायफ्लोराइडच्या लुईस रचनेत बांधलेल्या जोड्या किती आणि एकाकी जोड्या किती? हा रेणू म्हणजे मध्ये एक क्लोरीन आणि त्याला जोडलेले तीन फ्लोरिन. माझ्या उत्तरसूचीत मी लिहिलं होतं, तीन आणि दोन.

माझ्या डोक्यात फक्त मधला क्लोरीन होता. त्याच्यावर मोकळ्या जोड्या दोनच असतात, आणि रेणूचा आकार ठरवताना तेवढ्याच बघतात. पण प्रश्नात 'मधल्या अणूवर' हे शब्द मी घातलेच नव्हते. प्रश्न सबंध रचनेचा होता. चारही अणू मिळून अठ्ठावीस इलेक्ट्रॉन, म्हणजे चौदा जोड्या. चौदातून तीन गेले, उरले अकरा. तीन फ्लोरिनवर तीन-तीन आणि क्लोरीनवर दोन. मी विचारलं होतं त्याचं उत्तर अकरा होतं.

सरांच्या तुकडीतला पहिला पेपर उघडला. अकरा. मला लगेच कळलं की चूक माझी आहे, त्यात मला एक मिनिटही लागलं नाही. दुसरा पेपर उघडला. अकरा. तिसरा, चौथा. पानाच्या कोपऱ्यात तीच वजाबाकी, तेच भरगच्च ठिपके, एकही फ्लोरिन नागडा नाही. बाकी कॉलेजांच्या पेपरांत कुठे दोन, कुठे तीन, कुठे कोरं. ही तुकडी मात्र सरसकट अकरा. मी लाल पेन उघडलं आणि पहिल्या अकरावर फुली मारली. एकदा मारली की पुढच्या मारायला काही लागत नाही. मग तो गठ्ठा घेऊन मी प्राचार्यांकडे गेलो आणि म्हणालो, सर, पूर्ण तुकडीचं एकच चुकीचं उत्तर आहे, तुम्ही बघा.

प्राचार्य इतिहासाचे. सज्जन माणूस, पण कॉपी हा शब्द कानावर पडला की त्यांचं रक्त चढायचं. त्यांनी सरांना बोलावलं. मी तिथेच बसलो होतो.

सरांनी पेपर बघितला. "उत्तर बरोबर हाये," ते म्हणाले. "प्रश्न जसा हाये तसं उत्तर हाये. मधल्या अणूवर किती असं विचारलं असतं तं दोन."

प्राचार्य माझ्याकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

सरही माझ्याकडे बघत होते. रागाने नव्हे. वाट बघत होते.

मी म्हणालो, "आकार बघताना सर्वसाधारणपणे दोनच धरतात."

या वाक्यात खोटं शोधायला गेलं तर सापडणार नाही, म्हणून तर ते मी निवडलं. मी प्राचार्यांना सांगितलं नाही की सर म्हणतात ते खरं आहे. प्रश्न काढताना माझे दोन शब्द राहिले, हेही सांगितलं नाही. सरांनी छत्री उचलली आणि ते बाहेर गेले.

प्राचार्यांनी ठरवलं, दोन दिवसांनी त्या तुकडीची फेरपरीक्षा, तोच प्रश्न. पुन्हा सगळ्यांचं तेच आलं तर पालकांना बोलावू, बोर्डाच्या परीक्षेची प्रवेशपत्रं अडवून ठेवू. पोरांच्या कानावर हे गेलं आणि वर्गात रडारड झाली.

फेरपरीक्षेच्या आदल्या दिवशी मी पडद्याच्या या बाजूला रिकाम्या वर्गात बसलो होतो. पलीकडे सर होते. बियांचा आवाज नव्हता, खडूचाही नव्हता.

"उद्या तोच प्रश्न येईन," सर म्हणाले. "साऱ्यायनं दोन लिहा."

मग एका मुलीचा आवाज आला. वडनेर भोलजीहून रोज बसने येणारी, पुढच्या बाकावर बसणारी. "सर, पण चौदातून तीन गेले तं..."

"किती राहतात ते मले माहीत हाये."

"मंग दोन कसे लिहाचे?"

"बाई, परीक्षा तोंडावर आली तुमची. वाद माहा हाये, तुमचा नाई. दोन लिहा."

मला तेव्हा उठून पलीकडे जायला हवं होतं. मध्ये फक्त प्लायवूड होतं. मी खुर्ची न वाजवता उठलो आणि स्टाफरूममध्ये गेलो.

फेरपरीक्षेत मुलांनी दोन लिहिलं. प्राचार्यांनी गठ्ठा चाळला आणि समाधानाने मान हलवली. "पाहिलं? परवा सगळ्यांचं अकरा, आज सगळ्यांचं दोन. म्हणजे यांना जे सांगितलं जातं ते लिहितात. यापेक्षा वेगळा पुरावा काय पाहिजे?" एका पेपरावर ते थांबले. "ही एक राहिली. हिनं अकराच लिहिलंय. हिच्यापर्यंत निरोप पोचला नसेल."

तो पेपर मी बघितला. वडनेरच्या मुलीचा. ठिपके इतके दाबून काढले होते की कागदाच्या मागच्या बाजूला फुगवटे आले होते.

प्रवेशपत्रं अडवली गेली नाहीत. प्राचार्यांनी मुलांना माफ केलं, म्हणजे त्यांच्या मते माफ केलं, आणि प्रार्थनेच्या वेळी कॉपीवर भाषण दिलं. सरांना कुणी काढलं नाही. पुढल्या वर्षी त्यांच्या नेमणुकीचा आदेश आला नाही, इतकंच. ते आदेशाची वाट बघत जूनमध्ये एकदा कॉलेजात आले होते. हातात कॅन होता. ऑफिसमधून बाहेर आले आणि परत स्टँडकडे गेले. मी वरच्या वऱ्हांड्यातून बघितलं.

ते गेले आणि नाव मागे राहिलं. अकरा सर. पानठेल्यावर कुणी वेळ विचारली तरी पोरं 'अकरा' म्हणून हसायची. नव्या तुकड्यांना गोष्ट सांगितली जायची की असे एक मास्तर होते, त्यांनी आख्ख्या वर्गाला चुकीचं उत्तर पाठ करून दिलं होतं. स्टाफरूममध्ये ही गोष्ट निघाली की मी चहा घेत असायचो. दोनतीनदा मीही ती सांगितली आहे. चांगली सांगायचो.

दुकानदाराचा फोन आल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी मी उंद्रीला गेलो. बुलढाण्यात बस बदलली. गुडघे दुखतात, घरच्यांनी नको म्हटलं, पण घरात बसवत नव्हतं. सरांचं शेत रस्त्याला लागूनच आहे. थोडी वांगी, थोडी मेथी, बाकी सोयाबीन. ते विहिरीपाशी एका पालथ्या क्रेटवर बसले होते, समोर वांग्यांचा ढीग आणि दुसरा क्रेट. वाळून गेले आहेत, पण आवाज तोच.

"काऊन एवढ्या उन्हाचे आले?"

मी बसलो. त्यांनी पाणी दिलं. म्हणाले, "प्या, हे हलकं हाये."

मी सांगायला सुरुवात केली. घरून तयारी करून गेलो होतो, पण ओळीने काही आलं नाही. मध्येच अमोनिया सांगितला, मग फुल्या, मग प्राचार्यांच्या खोलीतलं ते वाक्य. पडद्यामागून ऐकलं होतं तेही सांगितलं. ते एक एक वांगं उचलून, कीड बघून, क्रेटमध्ये टाकत होते. मी थांबलो तेव्हा म्हणाले,

"मले तवाच माहीत होतं. दोन शब्द राह्यले होते तुमचे. मले वाटलं, संध्याकाळी येसान, म्हणसान, छापतानी राह्यले. मी हाव म्हटलं असतं. छापखान्याची चूक. कोणाले काय फरक पडत होता?"

"मी आलो नाही," मी म्हणालो.

"नाई आले. मी दार उघडं ठेवलं होतं." मग वांगं हातात फिरवत म्हणाले, "पण तुमी चूक लपवली. मी तं चूक शिकवली. माह्या तोंडानं सांगितलं लेकरायले, दोन लिहा. ते तुमच्यावर घालता येत नाई मले. इतकी वर्षं घालून पाह्यलं, येतच नाई."

मी सांगितलं, की एकीने लिहिलं नव्हतं दोन.

त्यांचा हात थांबला. "काय?"

"फेरपरीक्षेत. एका मुलीने अकराच लिहिलं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"मले कोण सांगन? मले पेपर कुठं दाखवले?" ते माझ्याकडे बघतच राहिले. "कोण?"

"वडनेरची."

"समोरच्या बाकावरची?"

"हो. ठिपके कागदाच्या मागून दिसत होते."

ते विहिरीकडे तोंड करून बसले. उजव्या हाताची दोन बोटं क्रेटच्या काठावर होती आणि ती हलत होती. टक-टक. थोड्या वेळाने परत, टक-टक. मी मोजायचं टाळलं.

मग एकदम वळून म्हणाले, "त्यायले मार्क भेटले का?"

"कुणाला?"

"लेकरायले. त्या प्रश्नाचे."

"नाही."

"मंग माह्याकडं काऊन आले तुमी? माहं काय राह्यलं तुमच्याकडं? वांगे विकतो, बरा हाये. त्यायले द्या त्यायचे मार्क. सारे पन्नाशीले आले असतीन, कॉपी केली म्हणून लेकरायले सांगत असतीन." थोडं थांबून म्हणाले, "अन् माहं नाव नका घालू कुठं."

निघताना त्यांनी मेथीची जुडी दिली. मी नको म्हणालो नाही.

तेव्हा संपादकांनी माफ करावं, लेख मजेशीर झालेला नाही. यातलं बाकी काही कापलं तरी चालेल, पुढचं कापू नये.

त्या सराव परीक्षेतल्या प्रश्नाचं उत्तर बांधलेल्या जोड्या तीन, मोकळ्या जोड्या अकरा. उत्तरसूची चुकीची होती. ती मी तयार केली होती आणि चूक कळल्यावरही मी ती दुरुस्त केली नाही. त्या तुकडीत कुणीही कॉपी केली नव्हती. सगळ्यांचं उत्तर सारखं आलं, कारण सगळ्यांना नीट शिकवलं होतं. ज्यांनी अकरा लिहिलं त्या प्रत्येकाला त्या प्रश्नाचे पूर्ण गुण. वडनेर भोलजीच्या मुलीला दोन्ही वेळचे. ती आज कुठे आहे मला माहीत नाही. तिच्या ओळखीतल्या कुणी हे वाचलं तर तिला कळवावं, आणि हेही सांगावं की सरांपर्यंत ते आता पोचलं आहे.

हे लिहून झाल्यावर मी नांदुऱ्याला फोन लावला. दुकानदार म्हणाला, सर, लेख झाला का? मी म्हणालो, झाला, पण आधी एक काम कर. हाताशी कागद आहे का? क्लोरीन ट्रायफ्लोराइड काढ.

"आता? सर, गिऱ्हाईक हाये."

"काढ."

त्याने बिलाच्या कागदावर काढलं असावं. पेन टेकवल्याचा आवाज येत होता. तो पुटपुटत होता. "मधी क्लोरीन... तीन दांड्या... थांबा, कपडे घालाचे राह्यले." मग हसला. मग पुन्हा पुटपुटला. "सात अन् एकवीस. अठ्ठावीस. चौदा जोड्या. चौदातून तीन गेले..."

"किती?" मी विचारलं.

"सर, अकराच येतात ना हो."

"हो."

"मंग आम्ही कॉपी नव्हती केली?"

"नाही."

मागे कुणीतरी बियाण्याचा भाव विचारत होतं. त्याने उत्तर दिलं नाही. मग हळू म्हणाला, "सर, ते मजेशीर नका लिहू मंग." गिऱ्हाइकाने हाक मारली, पुन्हा मारली. तरी त्याने फोन ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही.